झाडाचे फोटो पाठवलेत, रात्री निघू नकोस

मिरज,
१८ डिसेंबर

प्रिय सोन्या,

करंज्यांच्या डब्यात वरच हे पत्र ठेवलंय. तुपाचे डाग पडले असतील तर पडू देत. फोनवर तू "हो आई, हो आई" करतोस, मागून कुणीतरी "सर, लाइट लावू का" विचारतं आणि मला जे बोलायचं असतं ते राहून जातं. नाताळच्या झाडाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले, त्यावर तुझा नुसता अंगठा आला. एवढ्या खटाटोपावर अंगठा! म्हणून सविस्तर लिहिते.

त्या रात्री तू जेवणावरून उठून गेलास, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तुझं आणि पप्पांचं जे झालं ते झालं. मी मध्ये पडले नव्हते, आताही पडत नाही. फक्त झाडाचं लिहिते.

तू झाडावर दिव्यांची माळ अर्ध्यापर्यंत गुंडाळून सोडलीस ना, ती पप्पांनी तशीच ठेवली होती. मी म्हटलं, पूर्ण करा. तर म्हणे, "त्यानं सुरुवात केलीय, त्याला करू दे." शेवटी काड्या गळायला लागल्या. सुरूच्या झाडाचं तुला माहीत आहे, आठवडाभरात फरशीवर केर सुरू होतो. आत्या कधीची मागे लागलीय की प्लॅस्टिकचं झाड आणा, एकदा घेतलं की बघायला नको. पप्पा ऐकतील तर ना! नर्सरीतून स्वतः स्कूटरवर फांदी आडवी धरून आणतात, रंगाच्या डब्यात विटांचे तुकडे आणि वाळू भरून उभी करतात, आणि दरवर्षी ती डावीकडे कलते. यंदाही कललीय. फोटोत सरळ दिसते, कारण मी कॅमेराच वाकडा ठेवला होता.

वरची चांदणी जुनीच, कामट्यांची. पतंगाचा कागद तेवढा नवीन लावला. तू चौथीत असताना कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्यांना चॉकलेटची चांदी गुंडाळून घंटा केल्या होत्यास, त्याही टांगल्यात. त्यातली एक उघडून बघितली तर आत खरंच एक रोल निघाला, वापरलेला, न धुतलेला. कशाचा असेल कोण जाणे. पप्पा म्हणाले, ठेव तसाच, त्याला देऊ. कापूस लावला नाही. मिरजेत बर्फ कशाला पडेल, असं तू लहानपणी आजीला विचारलं होतंस. आजीनं तुला करंजी देऊन गप्प केलं होतं, आठवतं?

तुझा जुना कॅमेरा टीव्हीच्या कपाटात सापडला, ५० मिलिमीटरची लेन्स लावलेला. रागात विसरलास की मुद्दाम ठेवून गेलास, ते विचारत नाही. त्या संध्याकाळी जेवणाआधी तू मला जेवढं दाखवलंस तेवढ्यावर मी सुरुवात केली. ट्रायपॉड तू नेलास, म्हणून स्टूल, त्यावर पिठाचा डबा, त्यावर पोळपाट, त्यावर कॅमेरा. ट्यूबलाइट बंद केली, कारण ती चालू असली की भिंत हिरवट येते आणि झाड आजारी दिसतं. अंधारात फोकस सापडेना, लेन्स नुसती पुढे-मागे घरघरत राहिली. मग ते बटण हातानं फिरवायच्या फोकसवर टाकलं, चांदणीवर टॉर्च मारून धरलं आणि रिंग फिरवली. बटण दाबताना बोटाचा धक्का लागून सगळं हलतं, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. हे तू सांगितलं नव्हतंस. माझं मीच काढलं.

पहिली गंमत माळेची. मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० वर नेला, लेन्स पूर्ण उघडली आणि शटर एकदम भराभर ठेवलं, सेकंदाचा पाचशेवा भाग. बघते तर माळेतले निम्मे दिवे बंद! डोळ्यांसमोर सगळी माळ लखलखतेय आणि फोटोत निम्मी मेलेली. परत काढला तर दुसरेच दिवे बंद. मला वाटलं माळ बिघडली. पप्पा तिथून म्हणाले, "एसी करंट आहे, सेकंदाला ५० आवर्तनं. या स्वस्तातल्या माळा मध्ये मध्ये विझतात, आपल्याला दिसत नाही एवढंच." पेपर वाचत होते म्हणे. शटर पन्नासाव्या भागावर आणलं तेव्हा कुठे सगळे दिवे आले. जन्मभर नोकरी रेल्वेत काढली, पण तुझ्या कॅमेऱ्यातलं त्यांना किती कळतं ते मला आता समजतंय. तू त्यांना कधी विचारलंस?

त्यांचाच तो क्लिक थ्री कॅमेरा होता, आग्फाचा. त्यातला रोल बारा फोटोंचा, चौकोनी. त्याला शटर एकच, आणि फ्लॅश आपल्याकडे नव्हता. रात्री घरात त्यानं काहीच निघायचं नाही. म्हणून दर नाताळला सकाळची उपासना झाली की पप्पा आणि मामा मिळून झाड उचलून अंगणात आणायचे, उन्हात. आपण सगळे रांगेत, डोळे बारीक केलेले, आणि मागे झाड, ज्यावर दिवे आहेत की नाहीत तेही कळत नाही. ताई सगळ्या फोटोंत रडतेय. मामा एका फोटोत झाडाच्या मागून हात काढून हलवतायत. त्या फोटोकडे मी हल्ली फार वेळ बघत नाही, तुला कारण ठाऊक आहे.

म्हणजे बघ, आपल्या घरात इतकी वर्षं झाड उभं राहिलं पण उजळलेल्या झाडाचा रात्रीचा फोटो कधी निघालाच नव्हता. हा मी काढलेला पहिला. त्याला तू अंगठा दिलास.

ते अंगणातले फोटोही तुझ्यामुळे उरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि सांगलीत आत्याच्या घरात अल्बमची पेटी बुडाली, तेव्हा आम्ही सगळे ते टाकूनच द्यायला निघालो होतो. तू टबात स्वच्छ गार पाणी घेऊन बसलास. कुणालाही हात लावू देईनास. "ओढू नका, वरचा थर जिलेटिनचा असतो, भिजून सुटेल तेव्हा सुटेल." काळेपांढरे बरेचसे सुटले, रंगीत बरेच गेले. माझ्या जुन्या साडीवर ते वाळत घातलेले, आणि तू पंख्याचा वेग कमी-जास्त करत रात्रभर त्यांच्याजवळ. मी त्या दिवशी पप्पांना म्हटलं होतं, हा इंजिनिअर काही होत नाही. पप्पा म्हणाले होते, "नको होऊ दे." हे तुला त्यांनी सांगितलं नसणार. त्यांच्या पाकिटात तुझा एक फोटो आहे, म्हणजे तू काढलेला, त्यांच्या हातांचा, फांदीला सुतळी बांधतानाचा. चर्चमध्ये पाळकसाहेबांपासून शेजारच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांना दाखवून झालाय.

तर पुढचा प्रयोग. तू सांगितलंस की लेन्सचं भोक लहान केलं की दिव्यांना टोकं फुटतात, चांदण्यांसारखी दिसतात. म्हणून एफ ११ वर गेले, आयएसओ १०० आणि शटर चार सेकंद. टायमर सुरू केला आणि शटर उघडल्याचा आवाज आला तशी मी मोठ्यानं मोजायला लागले, एक... दोन... तीन... चार. बंद झाल्याचा आवाज आला. पप्पांनी पेपरातून मान वर केली नाही. म्हणाले, "ऐंशीच्या स्पीडला नव्वद मीटर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सेकंदाला बावीस मीटर. म्हणजे तुझा डोळा चार सेकंद मिटला तर गाडी तेवढं अंतर कुणीही न चालवता जाते.

हे लिहायचं नव्हतं मला. पण आता लिहिलंच आहे तर ऐक. मी अपघात विभागात किती रात्री काढल्यात ते तुला माहीत आहे. रात्री बारा-एकला येणारे वेगळे असतात, दारू, भांडणं, छातीत दुखणं. पहाटे तीन ते पाच येतात ते हायवेवरचे. त्यातल्या ज्यांना बोलता यायचं ते सगळे एकच सांगायचे, "मला झोप लागली नव्हती, डोळा लागला नव्हता." खोटं नाही सांगत बिचारे, त्यांना खरंच कळलेलं नसतं. शरीरच त्या वेळेला खाली जातं. आम्ही नाइटला उभ्या उभ्या चार्ट लिहायचो तेव्हा अक्षर त्याच वेळेला वाकडं व्हायचं. काच खाली करून, गाणी मोठी लावून काही होत नाही. चहा-कॉफी प्यायली तरी ती अंगात यायला अर्धा तास लागतो. पेट्रोल पंपावर उजेडात गाडी लावून वीस मिनिटं झोपलास तर त्याचा उपयोग आहे. दारं लॉक कर आणि गजर लाव.

आणि रस्ता कुठला, तर आपला! आता गळीत हंगाम सुरू आहे. पेठ नाक्यापर्यंत येता-जाता उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला आणि मागे लाल दिवा नाही. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर आला की पुढचे काही क्षण काही दिसत नाही, आणि नेमकी तिथेच ट्रॉली उभी असते. पुढे खंबाटकीचा घाट. तू म्हणतोस, मी तो रस्ता डोळे मिटून चालवेन. असं बोलत जाऊ नकोस रे.

झालं, भाषण दिलं. लिहिणार नाही म्हणून अर्धं पान भरलं. तू एकतीस वर्षांचा आहेस, गाडी तुझी आहे, धंदा तुझा आहे, मला कळतं. सकाळी सहाला हळद असेल तर तिथे पाचला उभं राहावं लागतं, नवरीकडचे थांबत नाहीत. आणि थकून आलेल्या माणसाला जेवताना कुणी शिकवू नये, हेही मी पप्पांना नंतर सांगितलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की रेल्वेत ड्रायव्हरला पुरती विश्रांती दिल्याशिवाय गाडीवर चढवत नाहीत, मग याला कोण चढवतं. ते त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मलाही आवडला नाही. पण तू "तुमच्यासारखी सरकारी झोप मला परवडत नाही" म्हणालास, तेही काही शोभलं नाही. असो. मध्ये पडत नाही म्हटलंय.

झाडाकडे येते. तुला तो गोल गोल दिव्यांचा फोटो आवडला असेल, गव्हाणीतला मेंढपाळ पुढे आणि मागे सगळे दिवे बोरांएवढे फुगलेले. त्यासाठी मेंढपाळ लेन्सच्या अगदी जवळ घेतला आणि झाड लांब, खोलीच्या त्या टोकाला, एफ १.८ वर. मग मला ते दिवे चांदणीच्या आकाराचे हवे होते. तू कधीतरी केलं होतंस तसं, काळ्या कागदात चांदणी कापून लेन्सपुढे लावायची. केवढी कापायची ते पप्पांनी पाकिटाच्या पाठीवर काढून दिलं. ५० भागिले १.८, म्हणजे लेन्सचं भोक साधारण २८ मिलिमीटर, चांदणी त्याच्या आत बसली पाहिजे, नाहीतर कागद लावून न लावून सारखाच. आम्ही दीड सेंटीमीटरची कापली, माझ्या टाके काढायच्या कात्रीनं. सगळं झाड चांदण्यांनी भरलं! मी ओरडलेच. पप्पा उठून बघायला आले, चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाले, "हे त्याला पाठव." मी म्हटलं, तुम्हीच पाठवा. तर परत पेपर.

आणि एक फोटो मी तुला पाठवला नाही. आठ सेकंदांचं शटर लावलं होतं आणि पाणी प्यायला आधीच उठलेले पप्पा मधेच झाडासमोरून गेले. मला वाटलं, गेला फोटो. तर फोटो स्वच्छ. झाड आहे, खुर्ची आहे, खुर्चीवरचा पेपर आहे, पप्पा कुठेच नाहीत. तू एकदा दाखवला होतास ना, १८३८ सालचा पॅरिसमधला रस्ता, दागेरनं काढलेला? भर गर्दीचा रस्ता आणि त्यात चिटपाखरू नाही, कारण शटर काही मिनिटं उघडं होतं आणि चालणारं कुणी उमटलंच नाही. फक्त बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला तेवढा एक माणूस दिसतो. तेव्हा मी "छान" म्हणून सोडून दिलं होतं. या वेळी मी तो फोटो पुसून टाकला. पप्पांना दाखवलाही नाही. तू हसशील, ही एवढी नर्स होती आणि फोटोला घाबरते. हास.

ते दिव्यांचं वाचलं होतंस का तू? १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या सोबत काम करणाऱ्या जॉन्सन नावाच्या माणसानं आपल्या घरच्या झाडावर पहिल्यांदा विजेचे दिवे लावले, ८० दिवे, लाल, पांढरे, निळे. त्याआधी लोक खऱ्या मेणबत्त्या लावायचे, वाळलेल्या फांद्यांवर! शेजारी पाण्याची बादली ठेवून. मला खात्री आहे, जॉन्सनच्या मागे त्याची आई लागली असणार.

आता कामाचं. तू म्हणालास, २४ ला कोल्हापूरचं लग्न, ते आटोपून रात्रीच पुण्याला, २५ ला तिथलं रिसेप्शन आणि ते संपलं की रात्रीच मिरजेला, म्हणजे २६ ला सकाळी आमच्याबरोबर चहा. हे मला नको. मी विचार करून ठेवलाय. २४ ला कोल्हापुरातून पुण्याला जाऊ नकोस, घरी ये. जयसिंगपूरवरून पन्नास किलोमीटर. तोही रस्ता उसाचाच आहे, पण रात्री दहाला निघालास तर तासा-सव्वातासात पोचशील, झोपेची वेळ व्हायच्या आत. आम्ही रात्रीच्या उपासनेला गेलेलो असू, किल्ली शेजारी. जेवण झाकून ठेवते. झोप. सकाळी उजाडल्यावर निघालास तरी दुपारपर्यंत पुण्यात. रिसेप्शन संध्याकाळी सातचं आहे, तूच सांगितलंस.

तू म्हणशील, आईनं घरी बोलवायचा डाव टाकला. टाकलाच आहे. आणि पप्पांचं तोंड बघावं लागेल म्हणून येणार नसशील तर त्यांना मी मागच्या खोलीत झोपवते, भेटूही नका. पण २५ ला रात्री मात्र पुण्यातच राहा. नाताळला तू नसलास तर मला वाईट वाटेल, मी रडेन, ताईला फोन करून रडेन, ते माझं मी बघेन. तू २६ ला झोप काढून, दिवसाउजेडी, सावकाश ये. पांढरा रस्सा २६ लाच करते.

करंज्या सगळ्या असिस्टंटला वाटून संपवू नकोस. खालच्या थरात चकल्या आहेत.

तुझी,
आई

ता. क. पत्र बंद करताना पप्पा आले आणि म्हणाले, हेही लिही. गाडीचे मागचे टायर गुळगुळीत झालेत, त्या रात्री टॉर्च लावून बघितले होते म्हणे, तू आत बॅग भरत होतास तेव्हा. दोन्ही बदलून घे, पैसे ते देतील. आणि ५० च्या लेन्सचं झाकण सापडत नाही, सोफ्याखाली बघितलं, तुझ्या बॅगेत आहे का ते कळव.